वाऱ्याला वाट

दुकानात घुसलेल्या माणसाने पाठीवरचं गाठोडं सोडलं आणि मलिहाच्या तोंडून ‘या अल्ला!’ एवढंच निघालं. पांढरंशुभ्र, सळसळतं कापड उलगडतच चाललं… मशीनखाली शिरलं, अब्बांच्या खुर्चीपर्यंत पोचलं, शिवाय दारातून बाहेर पावसात भिजायलाही निघालं.

चिखलीच्या बाजारातलं हे तिच्या अब्बांचं, फकीर मोहम्मद यांचं ताडपत्री शिवायचं दुकान. सोयाबीनचे ढीग उघड्यावर आणि वरून पावसाच्या सरी, त्यामुळे बापलेकीला मान वर करायला फुरसत नव्हती. आणि हा परका तरुण खुशाल केस झटकत हसत होता!

“कोन्या मंडपाचं आनलं हे?” मलिहाने विचारलं.

“मंडपाचं नाही हो. नावेचं शीड हाय. वाऱ्यानं फाटलं.”

“चिखलीत नाव?”

“नाव कोचीले हाय. मी मेहकरचा, अकरम. बहिनीच्या निकाहले आलो. तिकडच्या शिवनाऱ्याकडे ही मोठी रांग… म्हून मालकाले म्हटलं, आमच्याकडे शिवून आनतो. पलीकडचं दुकान बंद दिसलं, तं इथं घुसलो.”

मेहकरचा माणूस आणि शिडाच्या नावेवर! मलिहाने आजवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे गावाबाहेरचं धरण. पण काम घेतलं. मग काय, पठ्ठ्या रोज मेहकरहून एसटीने हजर! म्हणे शिवण बघायची आहे. बघायचा भलतीकडेच.

“लक्षद्वीपच्या पार टोकाच्या बेटांवर जातो आमी,” तो सांगायचा. “गोडं पानी फक्त प्यायले. पाऊस आला का सगळे साबन घेऊन धावतात! मासे उडत येतात अन् फळीवर पडतात. तोच नाश्ता.”

“फेकून राह्यले तुमी!”

“कसम से! एका बेटावर मानूसच नाही, नुसते पाखरं. वाळूत उघडी अंडी. आमी पाय नाही ठेवत, दुरूनच पाहतो. अन् कासव… नावेजवळ वर येते, श्वास घेते, अन् असं पाहते…”

“कसं?”

“तू आता पाहून राह्यली, तसं.”

तू? कालपर्यंत तर ‘तुमी’ होतं! मलिहाची शिवण चांगली वीतभर वाकडी गेली.

सगळं शिवून झाल्यावर तिने त्याला न सांगता एक काम केलं. चौकातले वाढदिवसाचे बॅनर वाऱ्याने फाटू नयेत म्हणून त्यांना अर्धगोल चिरा देतात. लहानपणापासून तिने तेच केलेलं. या वेड्याचं शीड पुन्हा फाटायला नको, म्हणून तिने त्यालाही तशाच चिरा दिल्या. एकेक कड जीव लावून दुमडली.

निघायच्या दिवशी अकरम शीड न्यायला आला; इथून घरी जाऊन बॅग घ्यायची आणि कोची गाठायची. त्याने शीड उलगडलं आणि त्याचा चेहराच उतरला.

“हे… भोकं?”

“वाऱ्याले वाट करून देली. आता वादळातबी फाटत नाही!”

तो ताडपत्रीच्या गठ्ठ्यावर मटकन बसला. “मलिहा… वारा अडला तंच नाव चालते. वाराच निघून गेला तं…”

शीड वेळेवर पोचलं नाही तर अकरमच्या जागी दुसरा माणूस ठेवू, असं मालकाने बजावलेलं त्यानेच तिला सांगितलं होतं. ती रडली नाही. शिडाच्या उरलेल्या कापडाचे तुकडे घेतले आणि चिरांवर दोन्ही बाजूंनी थिगळं बसवायला लागली. तो समोरून कापड ताणून धरत होता. बोटं बोटांना लागत होती.

शेवटी तोच बोलला, “खरं सांग… मी जाऊ नये म्हून केलं का?”

मलिहा थक्क झाली. हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं! आणि आता आलं, तर जाईना.

“थांबवायचं असतं तं मधातून उभंच फाडलं असतं.”

“मग फाड,” तो हळूच म्हणाला. “मी थांबतो.”

कात्री हाताशी होती. तो राहिला असता, रोज दिसला असता… तिला तो हवा होता, अगदी हवा होता. पण समुद्राचं नाव काढताच उजळणारा हा चेहरा इथे ताडपत्र्या मोजत बसला असता.

“नाही,” ती म्हणाली. “जा तुमी. अन् पुढच्या बारीले नावेवर माह्यासाठीबी जागा ठेवा. ते कासव मले माह्या डोळ्यानं पाहायचं हाय.”

आता अकरम हबकला. “तसं नाही नेता येत, मलिहा. त्यासाठी… निकाह करा लागन.”

“मग करा ना!”

बोलून गेल्यावर तिने तोंडावर हात ठेवला. मागे अब्बांची मशीन केव्हाची थांबली होती.

फकीर मोहम्मद यांनी चष्मा काढून सावकाश पुसला.

“अकरममियाँ, घरी बॅग घ्यायले जाऊनच राह्यले, तं अम्मीले सांगा… या जुम्म्याले आमच्याकडे चहाले या म्हना.”