टिपूरला वेळ पुरला नाही

"आबा, मांजर कसंही पडलं तरी चार पायांवरच उतरतं ना?"

टिपूरला पुरल्यानंतर इंदुजा पहिल्यांदाच काही बोलत होती. आबा तिच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसले होते. हातातली पेजेची वाटी त्यांनी खाली ठेवली.

"बहुतेक वेळा उतरतं," ते म्हणाले.

"मग टिपूर का नाही उतरली?"



इंदुजाचा जन्म चंद्रावरचा. तिथल्या वसाहतीत तिचे आईबाबा खाणयंत्रांची देखभाल करत. चंद्राचं गुरुत्वाकर्षण (वस्तूंना आपल्याकडे ओढून घेण्याचं बळ) पृथ्वीच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढंच आहे. तिथे वाढणाऱ्या मुलांची हाडं नाजूक राहत, म्हणून वाढीच्या वयातच त्यांना पृथ्वीवर आणत. इंदुजाही आईबरोबर कराडला आली होती, आबांच्या घरी. आबा म्हणजे आईचे वडील, डॉक्टर वासुदेव ठोंबरे. प्राणी कसे चालतात, उडतात, पडतात, याचाच त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला होता.

आणि इंदुजाबरोबर आली होती टिपूर. पांढरीशुभ्र, एका कानावर राखाडी ठिपका असलेली. तीही चंद्रावरच जन्मली होती. "तिला इथेच बाबांजवळ राहू दे," असं आईने परोपरीने सांगितलं होतं. पण टिपूरशिवाय यानात पाऊल ठेवायला इंदुजा तयार नव्हती.

पृथ्वीवर पहिले काही आठवडे दोघींचेही हालच झाले. इंदुजाला आधारपोशाख (बारीक मोटरींनी हातापायांना बळ देणारा कपडा) घालूनही घरभर चालताना धाप लागायची. टिपूर तर फरशीवर पोट टेकून नुसती पसरलेली असायची. मग हळूहळू ती खुर्चीवर चढू लागली, खुर्चीवरून टेबलावर. ज्या दिवशी ती लोखंडी कपाटाच्या माथ्यावर जाऊन बसली, त्या दिवशी आबांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

त्यानंतर काही दिवसांनी खिडकीच्या गजावर एक बुलबुल येऊन बसला. टिपूरने कपाटावरून खिडकीकडे झेप घेतली. चंद्रावर ती एका फळीवरून दुसऱ्या फळीवर घ्यायची तशीच, लांब आणि ऐटबाज. पण ती गजापर्यंत पोचली नाही. पुढचे पंजे पडद्यात अडकून सुटले, ती उलटी झाली आणि खाली आली.

इंदुजा समोरच बसली होती. ती घाबरलीसुद्धा नाही. टिपूर पडायला लागली की ती नेहमी हसायची. चंद्रावर टिपूर हवेत निवांत वळायची आणि कापसासारखी पायांवर उतरायची. इंदुजाच्या ओठांवर हसू आलंही होतं.

मग तो आवाज झाला.

प्राण्यांचे डॉक्टर आले. छातीत रक्तस्राव झालाय, म्हणाले. संध्याकाळी टिपूर इंदुजाच्या मांडीवरच गेली. आबांनी अंगणात कढीपत्त्याच्या झाडाजवळ खड्डा खणला. मेलेल्या प्राण्याला मातीत ठेवतात हे इंदुजाने पहिल्यांदाच पाहिलं. "तिला अंधारात का ठेवताय?" एवढंच तिने विचारलं होतं आणि त्यानंतर ती गप्प झाली.

तेव्हापासून ती पलंगावरून उठली नव्हती. आधारपोशाख खुंटीला तसाच लटकत होता. आई समजावून थकली. इंदुजाने आत्ता चालणं सोडलं, तर तिची हाडं पुढे कधीच पुरेशी बळकट होणार नाहीत, हे आईला माहीत होतं. ती स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसत होती, ते आबांना दिसत होतं.

"सांगा ना," इंदुजा म्हणाली. "का नाही उतरली?"

आबा उठले आणि अभ्यासाच्या खोलीतली चाकांची खुर्ची घेऊन आले. तिच्यावर बसून त्यांनी दोन्ही पाय वर उचलून धरले. पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या हातांत घेतल्या.

"आता मला जमिनीला, भिंतीला, कशालाही न टेकता वळायचं आहे. वळता येईल?"

"नाही. ढकलायला काहीतरी लागतं."

"बघ हं." आबांनी बाटल्या धरलेले हात समोर लांब केले आणि झपकन उजवीकडे नेले. खुर्ची डावीकडे वळली. मग त्यांनी हात छातीशी घेतले आणि जवळूनच परत समोर आणले. खुर्ची उजवीकडे फिरली, पण अगदी थोडीशी. पुन्हा हात लांब करून उजवीकडे, पुन्हा जवळ घेऊन समोर. असं करता करता आबांची पाठ इंदुजाकडे झाली.

इंदुजा कोपरावर रेलून उठली. "कसं काय?"

"लांब पसरलेली जड वस्तू फिरवायला कठीण, जवळ घेतलेली फिरवायला सोपी," आबा तसेच पाठमोरे म्हणाले. "याला जडत्व-आघूर्ण म्हणतात (फिरवण्याला वस्तू किती विरोध करते त्याचं माप). हात एकीकडे गेले की अंग दुसरीकडे जातं. पण हात लांब असताना अंग जास्त वळतं आणि हात जवळ असताना कमी. त्या दोन्हींतला फरक आपल्या पदरात पडतो."

त्यांनी खुर्ची सरळ केली. "मांजराचा कणा फार लवचीक. त्यामुळे ते स्वतःचे जणू दोन भाग करतं. आधी पुढचे पाय पोटाशी घेतं आणि मागचे लांब ताणतं. पुढचा भाग भर्रकन वळतो, मागचा उलट दिशेला जेमतेम सरकतो. मग पुढचे पाय लांब, मागचे जवळ. आता मागचा भाग वळतो. झालं, पोट खाली आणि पाठ वर."

"पण खाली कुठे आहे हे त्याला कसं कळतं?"

"डोळ्यांनी, आणि अंतर्कर्णाने (कानाच्या आतला, तोल सांभाळणारा भाग). पिल्लू तीनेक आठवड्यांचं झालं की हे जमायला लागतं, आणखी महिनाभरात ते पक्कं होतं. पण तरीही 'नेहमी' म्हणता येत नाही, इंदू. फार कमी उंचीवरून पडलं तर वळायला वेळ मिळत नाही. म्हातारं, आजारी असलं तर चुकतं. आणि फार उंचावरून पडलं तर पायांवर उतरूनसुद्धा हाडं मोडतात."

"टिपूर म्हातारी नव्हती. आजारीही नव्हती."

"नव्हती." आबा तिच्याजवळ येऊन बसले. "ती पिल्लू असताना कुठे होती?"

"चंद्रावर."

"तिथे वस्तू सावकाश पडते. त्याच उंचीवरून पडायला इथल्यापेक्षा जवळजवळ अडीचपट वेळ लागतो. टिपूर तिथे वळायला शिकली. तिच्या अंगात तोच ताल बसला होता, सावकाश वळण्याचा. इथे जमीन फार लवकर आली."

इंदुजाला तो क्षण पुन्हा दिसला. टिपूरने पुढचे पाय पोटाशी घेतले होते. तिचं डोकं वळलं होतं, खांदेही वळले होते.

"ती वळत होती," ती म्हणाली. "मी पाहिलं. अर्धी वळली होती."

"हो."

"म्हणजे तिला येत होतं."

"येत होतं, बाळ. तिचं काहीच चुकलं नाही. तिला वेळ पुरला नाही."

इंदुजाने उशीत तोंड खुपसलं. आतून शब्द आले, "मी तिला आणलं नसतं तर?"

आबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तर कदाचित ती आज असती. मी खोटं नाही सांगणार तुला. पण असं होईल हे कुणालाच सुचलं नव्हतं. एवढा अभ्यास केलेला मी, पण ती कपाटावर चढली तेव्हा टाळ्या वाजवत होतो."

इंदुजाने हात पुढे केला आणि त्यांचं बोट घट्ट धरलं. दोघंही रडत होती. दारात आई कधी येऊन उभी राहिली, ते कुणालाच कळलं नाही.

"आबा," थोड्या वेळाने इंदुजा म्हणाली, "मीपण तिथेच चालायला शिकले. माझ्या अंगालापण इथलं पडणं माहीत नाही ना?"

आई एकदम पुढे आली. एवढे दिवस पोर कशाला घाबरून पडून होती, ते आता तिला समजलं.

"नाही माहीत," आबा म्हणाले. "पण टिपूरला कुणी शिकवलं नाही. तुला शिकवता येईल."

"चालायला?"

"आधी पडायला."

आईने घरातल्या सगळ्या गाद्या आणून बैठकीच्या खोलीत पसरल्या. तिच्या आणि आबांच्या आधाराने इंदुजा पोशाखाशिवाय गुडघ्यांवर बसली. पाय थरथरत होते. आबांनी तिला समजावलं, हात पुढे टाकायचे, कोपर सैल ठेवायचे, मान वर.

"चंद्रावर एक मोठी फिरणारी खोली करता येईल," मध्येच ते म्हणाले. "जोरात फिरणाऱ्या खोलीत माणूस भिंतीकडे दाबला जातो. तो दाब पृथ्वीवरच्या वजनाइतका करता येतो. तिथली पिल्लं आणि मुलं रोज थोडा वेळ त्यात राहिली, तर इथे येण्याआधीच अंगाला सवय होईल. अजून कुणी केलेली नाही."

"मी करीन," इंदुजा म्हणाली. मग तिचा चेहरा पुन्हा उतरला. "पण टिपूर नसेल."

"नसेल," आईने तिच्या केसांवरून हात फिरवला.

इंदुजाने डोळे मिटले आणि स्वतःला पुढे सोडलं. तिचं कपाळ आधी गादीवर आपटलं, हात मागून आले. आई धावली. "लागलं?"

"लागलं," इंदुजा म्हणाली. ती हळूहळू पुन्हा गुडघ्यांवर आली. दुसऱ्यांदाही कपाळच आधी टेकलं. तिसऱ्यांदा ती कुशीवर कोलमडली आणि तशीच पडून रडली, टिपूरचं नाव घेत. कुणी तिला उठवलं नाही. तिचं रडू ओसरेपर्यंत आई शेजारी बसून राहिली.

मग इंदुजा आपली आपण उठून बसली, नाक पुसलं आणि पुन्हा एकदा स्वतःला सोडलं.

या वेळी हात आधी पोचले होते.