शेवरीला हवी तेवढी जागा

भिंत बांधूनही पाणी चढलं कसं, हे जुईला उमगेना.

साल होतं २०५१. उंबरठाण नगरपालिकेच्या सभागृहात जमिनीवर प्रकाशाचं अख्खं शहर उभं होतं. ते शेवरी नदीचं आणि तिच्या काठांचं प्रतिरूप (खऱ्यासारखीच वागणारी नक्कल) होतं. जुईची आत्या, जलशास्त्रज्ञ वत्सला, हिने ते तयार केलं होतं. आदल्या पावसाळ्यातल्या पुरात घर न सोडणारे जुईचे आजोबा, अण्णा, वाहून गेले. तेव्हापासून गाव एकच मागत होतं, नदीकाठी उंच भिंत. जुईलाही तीच हवी होती.

आत्याने प्रतिरूपात भिंत उभी केली आणि आदल्या वर्षीइतकाच पाऊस पाडला. उंबरठाण कोरडं राहिलं. पण समोरच्या काठावरचं सोनवडे छपरांपर्यंत बुडालं.

"आत्या, पाऊस तर तेवढाच होता ना?"

"तेवढाच. पाणी कमी झालं नाही बाळा, त्याची जागा कमी झाली. इकडे पसरता येईना, मग ते वर चढलं आणि तिकडे शिरलं."

"मग तिकडेही भिंत घाला," नगराध्यक्ष म्हणाले.

आत्याने तीही घातली. दोन भिंतींत कोंडलेली नदी फुगत गेली, पुलापाशी भिंत फुटली आणि क्षणात उंबरठाण भरलं. जुईने डोळे मिटून घेतले.

"आता पूरमैदान (पूर आल्यावर नदी पसरते ती सखल जमीन) मोकळं करून पाहू," आत्या हळूच म्हणाली. क्रीडांगण उजळलं, त्याला लागून खालची आळीही. जुईचं घर त्याच आळीत होतं.

बाबा ताडकन उठले. "ताई, अण्णा याच घरापायी गेले. आणि तू ते नदीला देतेस?"

"मीही तिथेच जन्मले रे," आत्या म्हणाली. "मी फक्त दाखवतेय. ठरवायचं तुम्ही."

आत्याने दोन्ही भिंती काढल्या आणि आळीच्या मागे एक बांध घातला. पाणी मैदानात आणि आळीत पसरलं, उथळ झालं. दोन्ही गावांतल्या बाकी घरांच्या उंबऱ्याखाली थांबलं.

"याहून मोठा पूर आला तर?" जुईने विचारलं.

"तर बांधावरूनही येईल. म्हणून संवेदक (पाण्याची पातळी मोजून इशारा देणारी यंत्रं) हवेत, उंचावर निवारे हवेत. धोका कमी करता येतो, पुसून टाकता येत नाही."

जुई बाबांजवळ गेली. "बाबा, भिंत बांधली तर सोनवड्यातल्या कुणाचे तरी आजोबा जातील."

बाबांनी तिचा हात घट्ट धरला. मग नगराध्यक्षांकडे वळून ते म्हणाले, "आधी टेकडीवर सगळ्या आळीला घरं द्या. शेजारी शेजारीच राहिले पाहिजेत. तोवर एक वीट हलवायची नाही."

तसंच झालं. आळी टेकडीवर गेली, जुनी घरं उतरवली, बांध उभा राहिला. घराचा दरवाजा उतरवताना बाबा लहान मुलासारखे रडले.

पुढे शेवरीला पुन्हा मोठा पूर आला. संवेदकांचा इशारा आधीच मिळाला होता, माणसं निवाऱ्यांत होती. जुई आणि बाबा टेकडीवरून पाहत होते. जिथे त्यांचं स्वयंपाकघर होतं तिथून पाणी सावकाश पसरत गेलं. पलीकडे सोनवड्यातली घरं कोरडी होती.

"ओसरलं की गाळ राहील," बाबा म्हणाले, "चांगला काळा गाळ. तिथे भोपळे लावू आपण."

"सोनवड्यालाही पाठवू," जुई म्हणाली.