अळणी आमटीची चव

"रुचिदूत चुकलेला नाही, मॅडम." तंत्रज्ञ इक्बाल मुजावरने मगदूम सरांच्या यंत्रातून नुकतीच उतरवून घेतलेली पडद्यावरची रेघ दाखवली. "गेले दहा-बारा दिवस प्रत्येक जेवणाला इशारा गेलाय."

डॉ. सुनेत्रा बिवलकर खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या. मिरजेच्या त्या हृदयकेंद्रात प्रयोगशाळा वर होती आणि अतिदक्षता विभाग खाली. खाली मगदूम सर फुप्फुसात पाणी भरून पडले होते. निवृत्त ड्रॉइंग मास्तर, आणि सुनेत्राबाईंच्या वर्गातले सगळ्यात हुशार विद्यार्थी.

वर्ग होता हृदय थकलेल्या माणसांचा. स्वतःला कसं सांभाळायचं ते तिथे शिकवत. मीठ सोडा, पाणी मोजून प्या, रोज वजन करा, अंगात पाणी साठू लागलं की त्याच दिवशी लघवीची गोळी वाढवा. माणसं मान डोलवायची आणि आठवड्यात वजनकाटा पलंगाखाली ढकलायची. म्हणून शरीरात बसवायचा रुचिदूत आला. आता काट्याची गरज नाही, असं सुनेत्राबाईंनीच जाहीर केलं होतं. माणसाने स्वतः शिकावं, म्हणून इशाऱ्याची खबर केंद्राकडे येऊ नये, हा हट्टही त्यांचाच.

"पहिल्यापासून बघू," त्या म्हणाल्या.

"फुप्फुसाच्या धमनीत दाब मोजणारी दाबकळ. पाणी साठून दाब चढला की ती जिभेच्या मज्जातंतूला कळवते. माणूस जेवायला लागला की घास खारट लागतो."

"फक्त जेवताना."

"हो. चव दिवसभर ठेवली तर मेंदू तिच्याकडे लक्षच देणार नाही. अगरबत्तीच्या कारखान्यातल्या माणसाला वास येतो का?"

"आणि जेवण खरंच खारट असलं तर?"

"म्हणून तर पाण्याचा घोट शिकवलात. जेवता जेवता पाणीही खारट लागलं, तर तो रुचिदूत. गोळी वाढवायची."

"खारटच का निवडलं आपण?"

मुजावरने पडद्याकडे बघत सांगितलं. "तुम्हीच म्हणालात, कडू लागलं तर जेवण सुटेल. आणि मीठ यांचा वैरी. वैरी लगेच ओळखू येईल."

खाली अतिदक्षता विभागात मगदूम सरांच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. सुनेत्राबाई खाली वाकल्या. "सर, जेवण खारट लागलं नाही?"

सरांनी नजर चुकवली. "लागलं की."

"मग पाण्याचा घोट?"

"न्हाई घेतला." ते दम खात खात बोलत होते. "मॅडम, माझ्या बायकोला रागावू नका. वर्षभर मी अळणी गिळतोय, ते बघून तिचा जीव तुटला असणार. चिमूट-चिमूट मीठ घालत्या. घोट घेऊन पारखायचं म्हणजे ताटावर बसून तिची चोरी पकडायची. आमच्यात पानातल्या अन्नाला नाव ठेवत न्हाईत." मग मुखवटा जरा सारून ते म्हणाले, "आणि खरं सांगू? चव आली ओ जेवणाला."

सुनेत्राबाई तणतणत बाहेर आल्या. सरांच्या पत्नी, रत्नाकाकू, बाकावर डबा घेऊन बसल्या होत्या.

"काकू, आमटीत मीठ घालत होता तुम्ही?"

"मीठ?" काकू बघतच राहिल्या. "बरणीच शेजारी देऊन टाकली की, तुमच्या पहिल्या वर्गानंतर. मीपण अळणीच खाते." त्यांनी डबा उघडून पुढे केला. सुनेत्राबाईंनी आमटीत बोट बुडवून जिभेला लावलं. जिरं होतं, लिंबू होतं. मीठ अजिबात नव्हतं.

"आधी घशाखाली उतरायची न्हाई त्यांच्या," काकू सांगू लागल्या. "पण ह्या पंधरवड्यात दोन-दोन वाट्या मागून घ्यायचे. म्हटलं, आली बाई एकदाची माझ्या हाताला चव. खाऊ द्याल न्हवं त्यांना थोडी?"

सुनेत्राबाईंनी डब्याचं झाकण लावलं. गेल्याच आठवड्यात सर वर्गात उभे राहून म्हणाले होते, "मला आता अळणी जेवण आवडायला लागलंय." बाईंनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. थकत चाललेल्या हृदयाला त्या आठवड्यात फक्त एक जास्तीची गोळी हवी होती. वर्षभर मिठाला आसुसलेल्या जिभेवर त्यांनी धोक्याची खूण म्हणून मीठच ठेवलं होतं, आणि हे एवढ्या शिकलेल्या बाईंच्या लक्षात आलं नव्हतं.

संध्याकाळी सर गेले. काकूंनी मीठ घातलं नव्हतं, हे बाईंनी सरांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. आणि सरांना काय वाटलं होतं, हे काकूंनाही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नाही, हे बाईंना आजही ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग होता. सुनेत्राबाईंनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. खुर्चीची पाठ घट्ट धरून त्यांनी विचारलं, "हल्ली अळणी जेवण कुणाकुणाला चवदार लागतंय?"

खिडकीजवळच्या आवटीकाकूंचा हात लगेच वर गेला. मग त्यांच्या मागच्या दोघांचा. मग आणखी काही हात वर आले. सगळ्यांचे चेहरे हसरे होते, आणि ते टाळ्यांची वाट बघत होते.