जरा ध्यान ठेव

कासार आंबोलीच्या त्या भाड्याच्या बंगल्यात रोज सकाळी दहाला हिंजवडीची माणसं डोळे मिटून बसायला येत, आणि बाराच्या आत कंपनीच्या गाडीने पुन्हा स्क्रीनपुढे डोळे फोडायला परत जात. वैशाली त्यांच्या डोक्याला तारांची पट्टी बांधे आणि कोणत्या ध्यानाने मेंदू किती निवतो ते लिहून घेई. श्वासावर लक्ष ठेवणाऱ्यांच्या अल्फा लहरी वाढत, म्हणजे माणूस शांत पण जागा. जप करणारे सावकाश थीटात, पेंगेच्या काठावर उतरत. योगनिद्रावाले बहुतेक सरळ घोरत. तेव्हा पडद्यावर डेल्टा येई, गाढ झोपेची मोठी, संथ लाट. उठल्यावर ते "काय डीप गेलो!" म्हणत, आणि वैशाली हसू दाबून वहीत 'झोपले' असं लिही.

हसायची, पण तिला हेवाही वाटायचा. तिची स्वतःची झोप दोन वर्षांपूर्वी उडाली होती. रात्रीत दोन तास, तेही तुटक. गोळ्या झाल्या, काढे झाले. तिन्ही ध्यानं तिने स्वतःवर करून पाहिली, पण तिच्या लहरी काही केल्या बसत नव्हत्या. संशोधन वगैरे ठीक होतं. तिला खरं म्हणजे एक झोप हवी होती. पट्ट्या आणि पडदा सांभाळणारा प्रमोद पौडचा, चाळिशीतला. लहानपणी आजीबरोबर विहारात आनापान, म्हणजे श्वासाचं ध्यान, शिकलेला. डोळे मिटले की पाच मिनिटांत निवायचा. त्याचा तर तिला रागच यायचा.

बयाबाई तिला खिडकीतून दिसली. समोर रस्त्यापलीकडे उतरणीचा माळ, त्यावर मेंढरं, आणि बांधावर ही सत्तरीची म्हातारी. सकाळी जशी बसलेली तशीच दुपारी. मान हलायची नाही. तिसऱ्या दिवशी वैशाली रस्ता ओलांडून गेली.

"आजी, तुम्ही ध्यान करता?"

"करायचं काय त्यात? ठेवते."

"किती वर्षं?"

"चाळीस झाली. सासूनं दिलं तवापासनं."

वैशालीला वाटलं, सासूने मंत्र दिला असेल. तिने म्हातारीला बंगल्यात बोलावलं. बयाबाई यायला तयार झाली, पण एका अटीवर. खुर्ची खिडकीशी पाहिजे, तोंड माळाकडे.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पट्टी बांधली. प्रमोदने पडदा पाहिला, तारा काढून पुन्हा लावल्या, मग दुसरी पट्टी आणली. लहर तीच. डेल्टा. म्हातारी गाढ झोपली होती, आणि तिचे डोळे सताड उघडे होते.

"आजी," वैशाली हळूच म्हणाली.

"बोल की."

"तुम्ही झोपलात?"

"डोकं झोपतंय. डोळं न्हाई. डोळ्याला सवड कुटं हाय?" आवाज अगदी ताजा होता. दारातून दिसणाऱ्या आतल्या खोलीतल्या पडद्यावर लाट तशीच संथ चालली होती.

"पण ध्यान कशावर ठेवता?"

बयाबाईने हनुवटीने माळ दाखवला. "त्या गवतावर."

वैशालीने पाहिलं. मेंढरांनी माळ पार खरवडला होता. मधोमध मात्र एका खोलीएवढं गवत कमरेइतकं उभं होतं. मेंढरं त्याच्या कडेपर्यंत चरत आणि वळत. वारा चांगला होता, बांधावरची वाळकी तुराटी हलत होती. ते गवत हलत नव्हतं.

"मेंढरं ते खात का नाहीत?"

"न्हाई खात." म्हातारीने एवढंच सांगितलं. मग म्हणाली, "पोरी, लई दमले गं. पोटची पोरगी न्हाई मला. सून पुण्याला गेली, ती काय येत न्हाई आता. जरा ध्यान ठिवशील का? वाईच पडते."

एसटी स्टँडवर कुणी पिशवी दाखवून असं म्हणालं की आपण काय करतो? वैशालीने वहीतून मान वर न करता तेच केलं.

"हो, ठेवते की. पडा तुम्ही."

"बघ हां. ठेवते म्हनलीस."

"ठेवते."

बयाबाईने दोन्ही डोळे मिटले. व्हरांड्यातल्या बाजेपर्यंत ती भिंत चाचपत गेली, आंधळ्या माणसासारखी, आणि पडल्या पडल्या घोरायला लागली.

वैशाली गंमत म्हणून तिच्या खुर्चीत बसली. म्हातारी काय बघते ते तरी बघू, म्हणून गवताकडे बघत राहिली. प्रमोदने जेवणाचा डबा आणून ठेवला, तो तसाच राहिला. मान वळवावीशी वाटेना. कंटाळाही येईना. छातीत काहीतरी सैल होत होतं, ओल्या कपड्याची गाठ सुटावी तसं. तिला बरं वाटत होतं. फार दिवसांनी इतकं बरं वाटत होतं.

उन्हं कलली तेव्हा बयाबाईचा मुलगा म्हसू आईला शोधत आला. पन्नाशीचा, रापलेला माणूस. व्हरांड्यात घोरणारी आई पाहून तो पायरीवरच थांबला. तिला हाक मारली नाही. काय झालं, म्हणून विचारलंही नाही. दारात येऊन त्याने खालच्या आवाजात एवढंच विचारलं,

"आता कोन ठेवतंय?"

वैशालीने त्याच्याकडे मान वळवली. "मी."

म्हसूचा चेहरा उतरला. "ताई, माझ्याकडं नगा बघू. तिकडं बघा."

तिने पुन्हा समोर पाहिलं.

माळ कडेपासून कडेपर्यंत सपाट होता. मेंढरं रस्त्यावर येऊन एकमेकांना चिकटून उभी होती.

गवत बंगल्याच्या कुंपणाच्या आत होतं.

खिडकीपासून दहा पावलं. कमरेइतकं, स्थिर.

"आईला आमी नेतो," म्हसू म्हणाला. "तुमी बसा." त्याने आईला पाठुंगळी घेतलं. म्हातारी जागी झाली नाही.

वैशालीने डोळे ताणून धरले. गवत जागचं हललं नाही. बघत राहिलं की हलत नाही, हे तिला आता कळलं होतं.

"प्रमोद," ती म्हणाली, "मला पट्टी बांध."

त्याने बांधली. पडदा आतल्या खोलीत होता. तो तिकडे गेला.

"अल्फा आला, मॅडम," तो आतून म्हणाला. मग म्हणाला, "थीटा." त्याला मनापासून आनंद झाला होता. "मॅडम, डेल्टा सुरू होतोय! डोळे मिटले ना तुम्ही?"

वैशाली गवताकडेच बघत होती. तिच्या पापण्या जड झाल्या होत्या. दोन वर्षांनी तिला झोप येत होती.