खाली कोण हाय?

कुणी हाक मारली, तर तुम्ही आधी ओ देता की आधी वळून बघता?

आमच्या गावाबाहेर, येडशीच्या रस्त्याला, खडीची एक जुनी खाण आहे. वीस वर्षं सुरुंग लावून तिथला दगड काढला, आणि दगड संपल्यावर ठेकेदार खड्डा तसाच टाकून निघून गेला. दरसाल त्यात एखादं जनावर पडायचंच. शेवटी ग्रामपंचायतीनं ती भरायला काढली. उन्हाळाभर ट्रॅक्टरनं तलावातला गाळ आणून ओतला. आता कमरेइतका खोलगट भाग उरला होता, आणि त्यात झाडं लावायला आम्ही तेरा बाया रोजगार हमीवर होतो. मी दहावी शिकलेली, म्हणून कामावरची मेट मीच, हजेरी माझ्याकडं. नाव घेतलं की बाईनं म्हणायचं, "हाय." एवढंच.

त्या तेरांत माझी सून दीपाली होती. मुलगा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी यायचा. घरात आम्ही दोघीच. तिला पाचवा महिना लागला होता, म्हणून मी तिला खोदायला देत नव्हते. ती बसून रोपांच्या पिशव्या फाडायची.

त्या दिवशी भर दुपारी आम्ही बाभळीखाली भाकरी सोडल्या. दीपाली चार रोपं उरकून येते म्हणाली आणि एकटीच खाली राहिली. वर आल्यावर तिनं मला विचारलं, आज हजेरी कुणा गड्यानं घेतली? मी म्हणाले, दुपारची हजेरी अजून व्हायचीच आहे. तिला नवल वाटलं. काठावरून कुणीतरी खणखणीत आवाजात विचारलं होतं, खाली कोण हाय? हजेरीच असेल म्हणून तिनं "हाय" म्हटलं होतं, मान वर न करता.

"मेट सासू असली तर ओ द्यायला दहा वेळा नाव घ्यावं लागतंय," उमाबाई म्हणाली, "आन परक्या गड्याला लगीच?"

सगळ्या हसल्या. कस्तुराबाई तेवढी हसली नाही. ती साठीची, तरुणपणी याच खाणीत दगड फोडायची. तिनं हातातली भाकरी तशीच फडक्यात बांधून ठेवली.

घरी आल्यापासून दीपालीला चैन नव्हतं. बसायची, उठायची, उंबऱ्यापर्यंत जाऊन परत फिरायची. चूल पेटवायला गेली आणि काडी बोटांतच जळून विझली. तिच्या केसांना ओल्या दगडाच्या भुकटीचा वास येत होता. मी दोनदा धुतले. वास गेला नाही. मग ती अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि मान उंच करून वर बघायला लागली, चहूबाजूंनी भिंती असल्यासारखी.

"आत्याबाई... मला वर घ्या."

समोर उभी होती माझ्या. आवाज मात्र विहिरीतून यावा तसा.

दिवे लागायच्या वेळी कस्तुराबाई आपणहून आली. तिनं सांगितलं, खाणीत सुरुंगाचे बार लावायचं काम शिवशरणकडं होतं. मोठा जपून वागणारा माणूस. वात पेटवण्याआधी तो काठावर उभा राहून विचारायचा, खाली कोण हाय? खाली जे असतील त्यांनी "हाय" म्हणायचं, वर यायचं आणि त्याच्यासमोर उभं राहून सांगायचं, "वर आले." ओ दिलेला प्रत्येक जण तसं सांगेपर्यंत तो काडी ओढत नसे. त्याच्या हातून एकही माणूस गेलं नाही. तो स्वतः दगडाच्या धुळीनं खोकून खोकून घरीच गेला, त्याला बारा वर्षं झाली.

"तुझ्या सुनंनं ओ दिली," कस्तुराबाई हळूच म्हणाली. "वर आले म्हणाली न्हाय. त्याच्या लेखी ती अजून खालीच हाय."

मी दीपालीचा हात धरला आणि निघाले. कस्तुराबाई माळापर्यंत आली, पुढं आली नाही.

खाणीवर अजून थोडा उजेड होता. गाळाचा कुबट वास, आणि त्यात मिसळलेला बारुदीचा. वारा अजिबात नव्हता, तरी खालची रोपं हलत होती. काठावर समोर कुणी दिसत नव्हतं. मी दीपालीला पुढं उभं केलं आणि म्हणाले, सांग.

"वर आले," ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता, तिचा नेहमीचा. माझ्या हातातला तिचा हातही ऊबदार लागला. माझे डोळे भरून आले. आलं माझं लेकरू, असं वाटलं.

तेवढ्यात समोरच्या काठावरून कुणीतरी विचारलं, शांतपणे, कामाच्या माणसासारखं.

"खाली... कोण हाय?"

मी दीपालीकडं पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते. ती माझ्याचकडं बघत होती.

आणि गाळाच्या खालून, फार खोलातून, दीपालीच्या आवाजात उत्तर आलं.

"हाय... आत्याबाई, मी हाय..."

माझ्या हातातल्या दीपालीनं मला हलकेच ओढलं. "चला आत्याबाई," ती म्हणाली, "भाकरी टाकायच्यात अजून."

मी काय करायला हवं होतं, ते मला आजही कळत नाही. माझ्या हातात तिचा हात होता. पोटात माझं नातवंड होतं. मी मागं न बघता चालायला लागले. पाठीमागून हाक येत राहिली, रस्ता लागेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीपालीनं दोन भाकरी खाल्ल्या आणि आम्ही कामावर गेलो. खाणीच्या मधोमध माती पुरुषभर खाली बसली होती. ग्रामपंचायतीनं दोन ट्रॅक्टर गाळ मागवला. मी वहीत दीपालीची हजेरी मांडली. दुपारपर्यंत खड्डा भरला, आणि त्यावर लिंबाचं रोप दीपालीनं आपल्या हातानं लावलं, पायानं माती घट्ट दाबून.