उसाच्या पाल्याची गाठ

कॅनॉलजवळची सायकल बेवारशी आहे, उद्या उचलून आणतो, असं म्हणालास ना तोहिद? आण, जरूर आण. पण लाईट यायला अजून वेळ आहे, तोवर शिवपुत्राचं काय झालं ते ऐकून घे आणि मग ठरव. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. मधे कोणी दात काढले तर मी उठून घरी जाईन.

शिवपुत्र म्हणजे आपल्या वरच्या गल्लीतला, गुऱ्हाळावर चुलवाणात जळण घालतो तो. गोष्ट सत्त्याण्णव सालची. दिवाळी होऊन गुऱ्हाळं नुकती सुरू झाली होती. तो मीठ-मिरची आणायला मुरगूडच्या बाजारात गेला, दुकानासमोर सायकल लावली, पिशवी भरून वळतो तर सायकल गायब. त्यानं सगळा बाजार पालथा घातला, चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि पिशवी खांद्यावर टाकून चालत घरी आला.

आता गुऱ्हाळ होतं ओढ्यापलीकडे लांब, आणि चुलवाण पेटायचं भल्या पहाटे. चालत जाण्यात दोनदा उशीर झाला. मालक गणपतराव माणूस वाईट नव्हता, पण त्यांनी स्पष्टच सांगितलं की आणखी एकदा रसाचं आधण खोळंबलं तर दुसरा माणूस बघीन. हंगामाचं काम गेलं की सगळं वर्ष गेलं. घरात बायको नीलम्मा पोटुशी. शिवपुत्राला सायकल हवीच होती आणि नवी घ्यायची ऐपत नव्हती.

ओढ्याच्या वळणावर करंजाच्या झाडाला एक काळी सायकल पावसाळ्यापासून टेकून उभी होती. कोणी ठेवली ते माहीत नाही, कोणी नेताना दिसलं नाही. आपल्या उसाच्या पट्ट्यात बेवारशी सायकल ओळखायची तेव्हा एक रीत होती. उसाचा हिरवा पाला घ्यायचा, मागच्या चाकाच्या तारांतून ओवायचा आणि सायकलच्या दांड्याला गाठ मारायची. म्हणजे चाक फिरलं की पाला तुटलाच पाहिजे. एका बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत वाट बघायची. मालक असला तर तो गाठ तोडून सायकल नेणार. गाठ तशीच राहून वाळली तर सायकल बेवारशी, मग नेणाऱ्याला कोणी चोर म्हणायचं नाही.

शिवपुत्रानं रीतसर गाठ मारली. पुढच्या बाजारादिवशी जाऊन बघितलं. गाठ शाबूत होती, पण पाला हिरवागार होता.

आठवडाभर उन्हात राहिलेला पाला वाळून कडक होतो, हे उसात वाढलेल्या माणसाला काय सांगायचं? त्याला ते दिसलं होतं. दव पडलं असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली, गाठ तोडली आणि सायकल घरी आणली. चूक म्हणाल तर एवढीच.

कार्तिक अमावास्या होती, शनिवारची रात्र. दोन वाजून गेल्यावर शिवपुत्र हँडलला बॅटरी बांधून निघाला. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस, मधे कच्चा रस्ता. ओढ्याचं वळण आलं. करंज आला. आणि सायकल जड झाली.

आधी वाटलं, हवा गेली असेल. मग मागचा कॅरिअर करकरला. कोणी बसल्यावर करकरतो तसा.

त्यानं मागं पाहिलं नाही. मानेवर गार काहीतरी लागत होतं. वारा म्हणावा, तर उसाचं पान हलत नव्हतं...

गळ्यातलं इष्टलिंग त्यानं एका हातानं मुठीत धरलं. तो भ्याला, खोटं कशाला सांगू? पण भीतीपेक्षा त्याला राग जास्त आला.

"बसलाय तर बसा, पावणं," तो म्हणाला. "पर सायकल मागू नगासा. माझी चोरीला गेली तवा कोण आलंतं का इचाराय? मी रीतीनं गाठ मारलीया. तुमची असंल तर बोला."

...

"बोला की."

...

तो पेडल मारत राहिला. अंगाला घाम सुटला. पाय भरून आले. गुऱ्हाळाचा उजेड दिसला, तसा कॅरिअर पुन्हा करकरला आणि सायकल हलकी झाली. शिवपुत्र उतरला. त्यानं बॅटरी सोडून मागच्या चाकावर धरली.

चाकात गाठ होती. हिरवी. चाक दांड्याला बांधलेलं. आणि तेच चाक घरापासून इथवर फिरत आलं होतं.

त्यानं कोयत्यानं गाठ तोडली आणि चुलवाण वेळेवर पेटवलं.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं. सायकल जिथली तिथं ठेवून नारळ फोड, असं जो तो सांगू लागला. नीलम्माचं माहेर सीमेपलीकडचं, कर्नाटकातलं, बाई मुळातच मोजकं बोलणारी. तिनं एवढंच विचारलं, काम राहिलं का? राहिलं, असं शिवपुत्र म्हणाला. मग सायकलपण राहू दे, असं म्हणून ती भाकरी थापायला बसली.

त्यानंतर रोज तेच. वळणावर सायकल जड व्हायची, गुऱ्हाळावर चाकात नवी गाठ सापडायची आणि शिवपुत्र ती तोडायचा. पुढं पुढं तर वळण आलं की तोच म्हणायचा, चला पावणं, बसा.

माघात तो तापानं अंथरुणाला खिळला. सायकल सोप्यात उभी राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चाकात नवी गाठ पडली नाही. नीलम्माला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ती रात्रभर त्याच्या उशाशी बसून राहिली. दाराला आतून कडी होती.

मध्यरात्र उलटली. शिवपुत्र निपचित पडलेला. पाय गार पडलेत का बघायला तिनं वाकळ सरकवली.

घोट्याला पाला. हिरवा.

दुसरं टोक खाटेच्या पायाला.

गाठ...

माणूस बेवारशी आहे का, ते कोणीतरी बघत होतं.

सोप्यात कॅरिअर करकरला.

नीलम्मा किंचाळली नाही. तिनं कोयता घेतला आणि गाठ तोडली. मग अंधाराकडे तोंड करून उभी राहिली.

"ह्यो बेवारशी न्हाय," ती म्हणाली. "ह्येची मालकीण हितं हाय."

...

"आनि सायकलबी आमचीच. गाठ तोडतो त्यो मालक, ही रीत हाय न्हवं? रोज तोडलीया आमी. तुमी निस्ती बांधत बसलासा."

...

तिनं तो पाला चुलीत टाकला आणि पहाटेपर्यंत कोयता मांडीवर घेऊन खाटेशी बसली. दिवस उजाडता उजाडता शिवपुत्राला घाम फुटला आणि ताप उतरला. त्यानं पहिल्यांदा पाणी मागितलं, मग किती वाजले ते विचारलं, गुऱ्हाळाला उशीर होईल म्हणून. तेव्हा कुठं ती बाई रडली.

सकाळी ती चुलीतली राख काढायला बसली. लाकडाचा कोळसाही उरला नव्हता. राखेत गाठ होती, होती तशी. नीलम्मानं ती झटकली आणि दाराच्या चौकटीला खिळा मारून टांगली. येणाऱ्याला दिसू दे, असं म्हणाली.

दहा-अकरा वर्षं झाली त्याला. शिवपुत्र अजून त्याच सायकलवरून गुऱ्हाळावर जातो. कॅरिअरवर कोणी बसतं का, असं विचारलं की नुसता हसतो. तू उद्या उजेडी त्याच्या दारात जा, तोहिद. चौकटीकडे वर बघ आणि त्या गाठीला हात लाव.

पाला अजून हिरवा आहे.