तेल तापलंय!

ओडेसाने त्याला पाहिलं आणि तिच्या हातातला साबणाचा डबा धाडकन खाली पडला.

अटलांटाच्या पश्चिम भागातली, आपले कपडे आपणच धुवायची ती लॉण्ड्री शनिवारी दुपारी अशी गच्च भरते की उभं राहायलाही जागा नसते. बाहेर पाऊस झोडपत होता, आत यंत्रं घरघरत होती, आणि टोपी भुवयांपर्यंत ओढून एक तरुण मोज्यांच्या जोड्या लावत बसला होता. तोच चेहरा! आठ महिन्यांपूर्वी तिनेच आठ सेकंदांच्या व्हिडिओत कापून इंटरनेटवर सोडलेला.

"डबा पडला तुझा," तो वाकून उचलत म्हणाला. "मला बघून पडला की काय?"

"फार समजतोस रे स्वतःला!" ती हसली खरी, पण नजर डब्यावरच ठेवून.

इतक्यात दारातून दोन मुली ओरडल्या, "ए, तेल तापलंय!" आणि खिदळत पळाल्या. त्याने टोपी आणखी खाली ओढली.

चर्चच्या अंगणात शुक्रवारचे मासे तळले जात होते तेव्हाची गोष्ट. शेजारीच रॅपचा फड रंगला होता. पाळी आली तसा हा टेव्हिन भुवया नाचवत पुढे आला आणि गरजला, "तेल तापलंय!" म्हणजे आता माझी वेळ, सांभाळा. ओडेसाने ते फोनवर टिपलं, मजेशीर तेवढंच ठेवलं आणि टोपणनावाने टाकून दिलं. मग तो शब्द जो सुटला! उडी मारायच्या बेतात असलेलं मांजर, परीक्षेला निघालेली पोरं, नॉर्वेतला कुठलासा न्हावी... सगळ्यांचं तेल तापायला लागलं.

पुढच्या शनिवारी ती मुद्दाम त्याच वेळेला गेली. त्याच्या पुढच्याही.

"तो शब्द माझा नाहीच," एकदा तो म्हणाला. "अर्लीन आजीचा. चर्चमधली कढई तिच्या ताब्यात असायची. गेली ती, मार्चमध्ये... ज्याने कोणी तो व्हिडिओ कापला ना, तो भेटू दे एकदा!"

"भेटला तर... काय करशील?"

"अजून ठरवलं नाही. पण त्याचे मोजे काही मी वाळवणार नाही."

असं म्हणत त्याने तिचे गरम मोजे तिच्या ओंजळीत ठेवले. बोटं बोटांना लागली. प्रेमात पडल्यावर इतकी धास्ती वाटते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आज सांगू, आज सांगू, म्हणत पाच शनिवार गेले.

सहाव्या शनिवारी तो आला तो धुवायचे कपडे न घेताच. चेहरा पार उतरलेला.

"शहराच्या मोठ्या फडात मला चोर म्हणाले," तो पुटपुटला. "शहराच्या दक्षिणेकडची मंडळी म्हणतात, शब्द त्यांचा. दुसऱ्याचा शब्द घेतला की लगेच त्याचं नाव घ्यायचं, ही आमची रीत. विचारतात, व्हिडिओत नाव कुठाय? मी आजीचं नाव घेतलं होतं गं! पण कोण मानणार?"

"चर्चमधली माणसं सांगतील की."

"ती माझीच माणसं ना! उद्या दुपारी शेवटचं जातो. नाही ऐकलं तर... संपलं. पुन्हा माइक धरणार नाही."

ओडेसाचे हात गार पडले. पुरावा तिच्या पिशवीत होता. तो दाखवायचा म्हणजे टेव्हिनला गमवायचं. तिने फोन काढून त्याच्यापुढे धरला.

पूर्ण व्हिडिओ वीस सेकंदांचा होता. "तेल तापलंय! शब्द अर्लीन आजीचा!" आणि मागून, कढईच्या चरचरीतून, म्हातारीचा खणखणीत आवाज: "मग बघतोस काय? मासा सोड!"

तो मटकन बसला. त्याने पुन्हा लावला. पुन्हा. डोळे भरून आले.

"हा तुझ्याकडे कसा?"

"मीच... मीच कापलं. नाव ठेवलं की लांब होत होतं, म्हणून."

"आणि इतके शनिवार?"

"घाबरले होते रे. तू निघून जाशील म्हणून."

त्याने व्हिडिओ स्वतःच्या फोनवर पाठवला आणि तो भर पावसात निघून गेला.

रविवारी ती त्या मोठ्या फडात गेली. सगळ्यात मागे, खांबाला टेकून उभी राहिली. टेव्हिनने फोन माइकला लावला. आजीचा आवाज घुमला आणि दक्षिणेकडच्या मंडळींनी माना डोलावल्या. त्यांच्यातल्या एकाने तर टोपी काढली.

"शब्द अर्लीन आजीचा," टेव्हिन म्हणाला. "आणि आजीचं नाव जिने कापलं, ती ओडेसा. ती बघा, खांबापाशी!"

शंभर माना वळल्या. तिला पळून जावंसं वाटलं, पण ती तिथेच उभी राहिली. त्याने तिच्याकडे रोखून पाहिलं, भुवया उंचावल्या आणि गरजला, "तेल तापलंय!"

माइक त्याने तिच्या दिशेने धरला होता. सगळे वाट बघत होते.

"मग... मग बघतोस काय? मासा सोड!"

हास्याचा असा कल्लोळ उठला की पुढचं काही ऐकूच आलं नाही. नंतर गर्दीतून वाट काढत तो तिच्यापाशी आला.

"अजून रागावलोय मी."

"माहितीये."

"शनिवारी माझे मोजे तू वाळवायचेस."

"किती शनिवार?"

त्याने तिचा गार हात आपल्या हातात घेतला. "ते अजून ठरवलं नाही."